आळंदच्या दिशेचं पान

रविवारी सकाळी आठच्या ठोक्याला भिमाबाई काखेत पाट घेऊन गच्चीचा जिना चढू लागल्या की गल्लीतल्या नव्या सुनांना वाटायचं, ही बाई कुरडया घालायला निघाली. जुन्या बायकांना खरं काय ते माहीत होतं. त्या म्हणायच्या, "बनसोडेबाई अँटेना दळायला चालल्या." आणि ते फारसं चूकही नव्हतं.

नळदुर्गात, हैदराबादच्या हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत राजपाल बनसोडे यांचं घर. पोलिसांच्या बिनतारी खात्यात छत्तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर कोणी शेताचा तुकडा घेतो, कोणी बायकोच्या भाजीत मीठ कमी की जास्त ते बघत बसतो. राजपालरावांनी हौशी रेडिओचा परवाना काढला. छत्तीस वर्षं सरकारसाठी हॅलो हॅलो करून पोट भरलं नव्हतं, आता फुकटात करायचं होतं. भिमाबाईंनी कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकघराशेजारची खोली मोकळी करून दिली.

गच्चीवर अँटेना उभी राहिली. पूर्वी घराघरावर टीव्हीची असायची तशीच, फक्त लांब, आणि नळ्या आडव्या नाहीत तर उभ्या. हिचं काम सोपं होतं. जिकडं तोंड करून ठेवाल तिकडचं चांगलं ऐकते, बाकी दिशांना पाठ फिरवते. तोंड सहसा आळंदकडं असायचं. तिथं, हद्दीपलीकडं कर्नाटकात, विरेश पाटील नावाचा निवृत्त सायन्स मास्तर राहायचा. आठ वर्षांची दोस्ती, पण समोरासमोर भेट दोनदाच. बाकी सगळी हवेतून.

राजपालरावांना अँटेनाला हात लावल्याशिवाय चैन पडत नसे. आज एखादी नळी बोटभर कापायची, उद्या केबल बदलायची. मग सुधारली की बिघडली हे कळायला रविवारी मोजणी. विरेशमास्तर आळंदहून दोन मिनिटं नुसता एक सूर सोडायचे, एका पट्टीत, न थांबता. इकडं भिमाबाई अँटेना एक गोल फेरी फिरवायच्या. खाली रेडिओतून एक वायर लॅपटॉपात गेलेली असायची, आणि त्यातलं सॉफ्टवेअर सूर कुठल्या दिशेला किती जोरात येतो त्याची रेघ एका वर्तुळावर काढत जायचं. आळंदकडं तोंड असताना रेघ लांब पळायची, पाठ असताना आखडायची. फेरी पुरी झाली की पडद्यावर विड्याच्या पानासारखा आकार उमटायचा. टोक आळंदकडं, मागं इवलासा देठ. भिमाबाई त्याला पानच म्हणायच्या.

यात एक गोम होती. अँटेना कुठं वळली आहे हे सॉफ्टवेअरला दिसत नाही, ते फक्त वेळ मोजतं. म्हणून फिरवणाऱ्याचा हात अगदी एकसारखा हवा. जावयानं हौसेनं मोटर आणून दिली, ती हिसके द्यायची आणि पान करवतीसारखं निघायचं. राजपालरावांनी स्वतः फिरवून बघितलं, तर आळंद जवळ आलं की त्यांचाच हात उतावीळ व्हायचा. शेवटी हमरस्त्यावरच्या गॅरेजातून ट्रकचं जुनं बेअरिंग आणून त्यांनी पाइप त्यात बसवला आणि खाली जात्याचा खुंटा लावून दिला. भिमाबाईंचा हात लहानपणापासून जात्यावर बसलेला. पाटावर बसून बाबासाहेबांवरच्या पाच ओव्या एका संथ चालीत म्हटल्या की बरोबर दोन मिनिटांत एक फेरी. मागंपुढं एक सेकंद नाही. राजपालरावांनी आयुष्यात बायकोचं तोंडभर कौतुक एकदाच केलं, ते याबद्दल, आणि तेही विरेशपाशी.

नियम एकच होता, फेरी पुरी होईपर्यंत उठायचं नाही. वादळात उंच पाइप वाकल्यापासून अँटेना माणसाच्या उंचीवर आली होती. कोरोनाच्या आदल्या उन्हाळ्यात कुरडयांवर माकडं आली, तेव्हा भिमाबाई एका हातानं खुंटा ओढतच उठल्या होत्या आणि दुसऱ्या हातानं त्यांनी पदर झाडला होता. त्या दिवशी पानाला मोठी खाच पडली. "अगं, माणूस म्हंजे पाण्याचा माठ," राजपालराव वैतागून म्हणाले होते. "अँटेनाच्या म्होरं उभा राह्यला की समदं आडवतो." त्यानंतर माकडांनी कुरडया खाल्ल्या तरी बाई पाटावरून हलल्या नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या दिवाळीपासून राजपालरावांना विरेशचा सिग्नल पडलेला वाटायला लागला.

सिग्नल पडला नव्हता. भिमाबाईंना स्वयंपाकघरात भांडी घासतानाही विरेशमास्तर लख्ख ऐकू यायचे. पडला होता तो राजपालरावांचा कान. कुकरच्या शिट्ट्या मोजणारा माणूस कुकर जळल्यावर वासानं उठायला लागला. एका रविवारी मास्तरांनी सांगितलं की बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फार त्रास होतोय. राजपालरावांनी माईक दाबून खुशीत म्हटलं, "वा वा, लई झकास! पेढे कवा देतोस?" भिमाबाई ओल्या हातानं धावत आल्या आणि ओरडल्या, "अहो, गुडघ्याचं म्हणतोय! ऑपरेशन झालंय!" राजपालरावांनी कसंबसं सावरलं, हसण्यावारी नेलं. पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

हा कान काही साधा कान नव्हता. भूकंपाच्या त्या पहाटेपासून, त्र्याण्णव साली, तरुण राजपाल बनसोडे तीन दिवस सेटपुढून उठला नव्हता. घरघरीतून जे बोलणं दुसऱ्या कुणालाही कळायचं नाही ते त्याला कळायचं. कुठल्या गावाला दवाखान्याची गाडी हवी, कुठं पाणी हवं, हे त्यानं अक्षर अक्षर वेचून कागदावर उतरवलं होतं. साहेब लोक म्हणायचे, बनसोडेला ऐकू आलं नाही म्हणजे कुणी बोललंच नाही. असा कान जातो, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

लेक दीक्षा लातूरला नर्स. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, कान तपासून घ्या. मशीन बसवू." राजपालरावांनी फोन भिमाबाईंच्या हातात दिला आणि खोलीत जाऊन बसले. बऱ्याच वेळानं बाहेर आले.

"भिमा, आयक," ते म्हणाले. "ह्या रईवारी नीट मोजणी करू. पान खराब आलं तर अँटेना दुरुस्त करू. पान चांगलं आलं तर कान गेला म्हणायचा."

"मग तपासून घेऊ की कान."

"मग सेट पेटीत घालायचा. कायमचा. ज्याला ऐकू येत न्हाय त्यानं माईक धरायचा न्हाय. आमच्या खात्यात पयल्या दिवशी ह्येच शिकवतेत. आधी ऐकायचं, मगच बोलायचं."

हा माणूस दाढी करतो तो रविवारसाठी, इस्त्रीचा शर्ट घालतो तो रविवारसाठी, हे भिमाबाईंशिवाय कुणाला माहीत होतं? विरेशला दिसत नाही तरी घालतो. सेट पेटीत गेला तर हा पेटीच्या झाकणावर बसून राहील आणि तिथंच संपेल, असं त्यांना स्पष्ट दिसलं. आणि अँटेना ठणठणीत आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

रविवार आला. खालून राजपालराव ओरडले, "सूर आला! फिरव!" भिमाबाईंनी खुंटा धरला. पहिली ओवी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओवीच्या मध्यावर अँटेनाचं तोंड आळंदकडं वळायला लागलं. पाइपच्या बुडाशी लाल रंगाची खूण होती, ती जवळ आली. आणि भिमाबाई उठल्या. हात खुंट्यावर तसाच संथ ठेवून, कंबर वाकवून, त्या अँटेनाच्या नळ्यांपुढं डोकं आणि छाती नेऊन उभ्या राहिल्या, जणू विरेशमास्तर आणि नवरा यांच्यामध्ये भिंतच. ओवी मात्र सोडली नाही. पाचवी ओवी संपेपर्यंत पुन्हा पाटावर.

खाली आल्या तर राजपालराव लॅपटॉपपुढं लहान पोरासारखे हसत होते. पानाचं टोकच खुडलेलं.

"बघ! बघ की! म्हणलो नव्हतो म्या? अँटेनाच गेलीय! कानाला काय धाड भरलीय?"

"व्हय," भिमाबाई म्हणाल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि इतकं मोठं खोटं त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. पण नवऱ्याचा तो चेहरा बघून त्यांना मनापासून बरं वाटलं. त्या दिवशी त्यांनी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या.

खोट्याचा पुढचा हप्ता मात्र त्यांनी धरलाच नव्हता. अँटेना खराब म्हटल्यावर ती दुरुस्त करायला माणूस गच्चीवर चढणारच. राजपालरावांनी सगळ्या नळ्या सोडवल्या, घासल्या, पुन्हा बसवल्या. पुढच्या रविवारी मोजणी, पुन्हा खुडलेलं पान. मग त्यांनी केबल बदलली. सोलापूरहून नव्या नळ्या आणल्या, एसटीच्या टपावर चढवू देईनात म्हणून कंडक्टरशी भांडून आत आणल्या. मार्चचं ऊन, सदुसष्ट वय, डोक्याला टॉवेल. तिसऱ्या रविवारी पान तसंच. त्या आठवड्यात नळी कापताना अंगठ्यात इतकं खोल लागलं की दोन टाके घालावे लागले. दवाखान्यातून येताना भिमाबाई त्यांच्या मागून चालत होत्या. पट्टी बांधलेला तो हात बघून त्यांना स्वतःची चीड आली. माझ्या मायेपायी हा माणूस उन्हात मरायचा, असं त्या मनात म्हणाल्या. रात्रभर कूस बदलत राहिल्या. सकाळपर्यंत ठरलं होतं. आता उभं राहायचं नाही.

चौथा रविवार. "सूर आला! फिरव!" पहिली ओवी, दुसरी, तिसरी. लाल खूण आली. गुडघे सवयीनं उठायला लागले, ते त्यांनी पाटाशी दाबून धरले. चौथी ओवीही त्याच संथ चालीत म्हटली. पाचवी संपली. पाट तिथंच टाकून त्या खाली आल्या, एकेक पायरी धरून.

राजपालराव पडद्याकडं बघत बसले होते. पान पुरं आलं होतं, टोकदार, गेल्या आठ वर्षांत आलं नव्हतं इतकं सुरेख. इतकं घासूनपुसून नवं केल्यावर ते येणारच होतं. भिमाबाई दारात थांबल्या. त्यांना वाटलं, आता हा माणूस कोसळणार.

राजपालरावांनी मान वळवली. "आज बसून ऱ्हायलीस व्हय?"

"तुमाला... तुमाला कसं?"

"अगं येडे, बिघडलेली अँटेना अशी येवढ्याशा तुकड्यापुरती बिघडती का कुठं? बिघडली तर समदीच बिघडंल. नेमकी आळंदला आली की बिघडती आन म्होरं गेली की सुधरती, अशी अँटेना म्या तर पाह्यली न्हाय." ते हसले. "पयल्या रईवारी मातर खरंच हरकलो व्हतो. जेवायला बसंपतोर. मग तुझ्या पोळ्या खाताना डोक्यात आलं."

"आन मग?" आता भिमाबाईंना रागच आला. "मग उन्हातान्हात कशापायी मरत व्हता? अंगठा कापून घेतला! तिसऱ्या रईवारपतोर गप ऱ्हायलात?"

राजपालराव पट्टीचा अंगठा चोळत राहिले. "तू येवढी माझ्यासाठी उभी ऱ्हात व्हतीस," ते म्हणाले. "म्हणलं, तू उभी हाईस तवर आजून चार-दोन रईवार पदरात पडतेत. पडूदे."

भिमाबाई खाली बसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना असं फसवलं नव्हतं आणि असं सांभाळलंही नव्हतं. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि मोकळेपणी रडून घेतलं. राजपालरावांनी त्यांना रडू दिलं. मग ते उठले, पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली, झाकण उघडलं, आणि सेटवरची धूळ फडक्यानं पुसायला लागले. धूळ नव्हतीच.

"काय करायलात?"

"ठरलं व्हतं की. पान चांगलं आलं."

तेवढ्यात सेटमधून विरेशमास्तर बोलले. कानडी हेल काढून, नेहमीसारखे खणखणीत. "अण्णा, सूर बंद केलो बघ. आज पान कसं आलं? ओव्हर."

राजपालराव फडकं फिरवत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"अण्णा? ऐकतोस काय? पान कसं आलं म्हणून विचारतोय की."

"अहो, ते विचारायलेत," भिमाबाई म्हणाल्या, मग जवळ जाऊन त्यांच्या डाव्या कानापाशी मोठ्यानं म्हणाल्या, "पान कसं आलं म्हणून विचारायलेत!"

"विचारूदे." त्यांचा हात आता केबलच्या पिनेवर होता. "म्या काय सांगू? मला आयकायला येत न्हाय. नियम म्हंजे नियम."

भिमाबाईंनी त्यांचा हात पिनेवरून काढला. जोर लावून काढला. "तुमच्या नियमात काय हाय? आधी आयकायचं, मग बोलायचं. व्हय ना?"

"व्हय."

"कुणाच्या कानानं आयकायचं, ते लिव्हलंय का त्यात?"

राजपालरावांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आठ वर्सं गच्चीवर बसून तुमची अँटेना फिरवली म्या. आता हितं बसती. तुमी बोला. आयकायचं माझ्यावर सोडा. आन मंगळवारी लातूरला जायचं, दीक्षाकडं, मशीन बसवायला. त्याला काय बी बोलायचं न्हाय." त्यांनी स्टूल ओढलं आणि सेटच्या पुढ्यात ठाण मांडलं. छत्तीस वर्षांत कुठल्या साहेबानं राजपाल बनसोडेला असा हुकूम दिला नव्हता.

आळंदहून तिसऱ्यांदा हाक आली. मग राजपालरावांनी शर्टाची कॉलर नीट केली, खुर्चीत बसले आणि माईक उचलला. बटणावर ठेवलेला अंगठा पट्टीतला होता.

"विरेश," ते म्हणाले, "पान लई चांगलं आलंय. अँटेनाला काय बी झालं नव्हतं. कान गेलाय माझा. तुझं बोलणं मला उमगत न्हाय आता, लई दिवस झालं. लाज वाटत व्हती म्हणून सांगितलं न्हाय. आता तू बोल. भिमा आयकती आन मला सांगती. ओव्हर."

सेटमधून नुसती घरघर आली. भिमाबाई पुढं झुकल्या. राजपालराव त्यांच्या तोंडाकडं बघत होते, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसे.

"अक्का," विरेशमास्तर हळू आवाजात म्हणाले, "मी सांगतो ते अण्णाला नीट सांगा. मला माहीत आहे की. पाच महिने झाले. अण्णा माईक दाबतो तेव्हा त्याच्या मागून तुमचा आवाज येतो इकडं. 'अहो, गुडघ्याचं म्हणतोय.' 'अहो, पाऊस न्हाय, लगीन म्हणतोय.' सगळं येतं. आमच्या घरात तर आता तुमच्या ओरडण्याची वाट बघतात. ही गुडघा धरून हसते. मी काही बोललो नाही, मला वाटलं, बोललो तर अण्णा बंद करेल." ते थांबले. "बंद करतो म्हणाला तर त्याला विचारा, मग रविवारी आठ वाजता मी सूर कुणासाठी सोडू? ओव्हर."

भिमाबाईंनी नवऱ्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक वाक्य तोडून तोडून सांगितलं. काही गाळलं नाही, पदरचं काही घातलं नाही. राजपालराव नोकरीत निरोप घ्यायचे तसे प्रत्येक शब्द ओठातल्या ओठात पुन्हा म्हणत गेले. शेवटचं वाक्य भिमाबाईंना दोनदा सांगावं लागलं.

राजपालरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एका हातानं बायकोचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं माईकचं बटण दाबलं.

"रॉजर, विरेश," ते म्हणाले. "पुरा निरोप मिळाला."